साडेपाच इंची चाकं

धायरीच्या विजयमालाबाई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवत. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढवायची गरजच पडत नसे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर "राहून गेलं," एवढंच सांगत आणि समोरच्याला पुढचं विचारायला जागाच ठेवत नसत.

त्यांच्याकडे अठ्ठावन्न सालची फियाट होती. वडिलांनी, गेनबांनी, ती एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. पेरूच्या पाट्या डिकीत घालून ते मंडईला जात. मुलगा संभाजी तेव्हा लहान, म्हणून त्यांनी मुलीलाच कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. चारचौघांनी नावं ठेवली. गेनबांनी ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मुलीला थेट मंडईपर्यंत गाडी न्यायला लावली. वडील गेल्यावर जमिनीवर संभाजीच्या इमारती उठल्या, आणि बाईंनी गाडी मागून घेतली.

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका क्लबाच्या त्या सभासद होत्या. दर जानेवारीत हा क्लब सिंहगडाच्या घाटात शर्यत घेई. एका रविवारी सकाळी दोन तास रस्ता बंद ठेवून एकेक गाडी वर सोडत, खाली-वर घड्याळं लावून. त्र्याण्णव साली बाईंनी पहिल्यांदा नाव घातलं. तिसऱ्या वळणावर फियाटचा मागचा भाग फरकन बाहेर गेला आणि कठड्यावर आपटला. मागचा दिवा फुटला, पत्रा चेपला. बाईंना काही झालं नाही. त्यांनी गाडी सरळ केली आणि तशीच वर नेली.

वर क्लबाचे सेक्रेटरी हिंदुराव उभे होते.

"बाई, पुढच्या वर्षी गाडी तुमचीच, पण चालवायला माझा पुतण्या बसेल."

"आणि मी काय करू?"

"शेजारी बसा. साडी फोटोत छान दिसते."

"मग पुतण्यालाच साडी नेसवा," बाई म्हणाल्या. "घसरली ती गाडी, हिंदुराव. बाई घसरली नाही."

महिनाभर त्या वहीत आकृत्या काढत बसल्या. गाडीची मूळ चाकं चार इंच रुंद. साध्या रस्त्याला ती पुरत, पण घाटात वेगानं वळताना मागची पकड सुटत होती. मागची दोन चाकं रुंद करायची, हे त्यांचं ठरलं.

हडपसरला युसूफभाईंचं दुकान होतं. ट्रकच्या वाकलेल्या रिंगा सरळ करायच्या, हे त्यांचं काम. बाईंनी वही पुढे ठेवली. युसूफभाईंनी ती बघितली आणि मान हलवली.

"रिंग कापून मध्ये पट्टी जोडायची म्हणताय. घाटात जोड सुटला तर?"

"तर मी मरेन. तुम्हाला जोड धरेल असा लावता येतो की नाही, तेवढं सांगा."

"येतो," ते जरा दुखावूनच म्हणाले.

जुन्या बाजारातून तशाच दोन जादा रिंगा आणल्या. युसूफभाईंनी त्या गोल कापल्या, दीड इंचाची पट्टी बसवली, आतून-बाहेरून वेल्डिंग केलं आणि लेथवर फिरवून डगमग काढली. पहिला प्रयत्न फसला. रुंदी आतल्या बाजूला गेली होती. टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासू लागला. बाईंनी वहीतलं पान फाडलं. "माझं गणित चुकलं," म्हणाल्या. "पुन्हा करू."

दुसऱ्या वेळी रुंदी बाहेरच्या बाजूला घेतली. आता टायर मडगार्डला लागतो का, हे बघायचं होतं. बाईंनी टायरला ओला चुना फासला. मागच्या सीटवर युसूफभाईंची बायको शहजादी आणि तिच्या दोन धिप्पाड बहिणी बसल्या, आणि गाडी खड्ड्याखड्ड्यांतून फिरवली. मडगार्डच्या आतल्या कडेला पांढरा पट्टा उमटला. युसूफभाईंनी ती कड हातोडीनं ठोकून आत दुमडली. पुन्हा चुना, पुन्हा बहिणी, पुन्हा खड्डे. चौथ्या खेपेला कड कोरी राहिली.

गाडी मागून बैलासारखी रुंद दिसू लागली. संभाजी बघायला आला.

"अक्का, लोक हसत्यात. ह्या वयात हे काय सोंग हाय?"

"हसू दे. तेवढंच त्यांना जमतं."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत गाडी पायथ्याशी उभी राहिली. हिंदुरावांनी टेप काढून मागची चाकं मोजली.

"साडेपाच इंच. कंपनीनं अशी दिली नव्हती. गाडी बाद."

बाईंनी हिंदुरावांच्या चोपन्न सालच्या गाडीत डोकावून बघितलं. "हा कॅसेट प्लेअर कंपनीनंच बसवला असेल, नाही का?"

बाकीचे सभासद खाली बघून हसू लागले. हिंदुराव लाल झाले. "स्पर्धेत नाव घेणार नाही. सांगून ठेवतो."

"नाव नका घेऊ. रस्ता तर तुमचा नाही ना?"

शेवटची, हिंदुरावांची गाडी वर गेल्यावर, रस्ता उघडायला अजून वीस मिनिटं होती, तेव्हा त्यांनी फियाट सुरू केली. युसूफभाई दार उघडून शेजारी बसले. "जोड माझा आहे," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या वळणावर बाईंनी पाय उचलला नाही. मागचा भाग किंचित दबला, टायर ओरडले, आणि गाडी वळणाला चिकटून बाहेर पडली. युसूफभाईंनी धरून ठेवलेला श्वास सोडला. बाईंनी गिअर बदलला.

वर घड्याळवाले श्यामसुंदर होते. खालून गाडी सुटल्याचं वायरलेसवर कळलं, तसं सवयीनं त्यांनी बटण दाबलं होतं. "बाई, तिसरा नंबर लागला असता," ते हळूच म्हणाले.

"निकालाच्या फळ्यावर लिहा."

"हिंदुराव लिहू देणार नाहीत."

बाईंनी पर्समधून खडू काढला. सगळ्यांदेखत डांबरी रस्त्यावर वाकून ठळक अक्षरांत लिहिलं: विजयमाला, धायरी. खाली वेळ, सेकंदांसकट. हिंदुरावांनी बाटलीतलं पाणी ओतून ते पुसलं. बाईंनी दोन हात पुढे जाऊन पुन्हा लिहिलं. बाटली रिकामी झाली होती.

आठवड्याभरात सभासदत्व रद्द झाल्याचं पत्र आलं. बाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं.

क्लबानं त्यांना पुन्हा घेतलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दर रविवारी सकाळी त्या एकट्याच घाट चढत. क्लबातले दोघं-तिघं मात्र गुपचूप हडपसरला जाऊन रिंगा रुंद करून आले. युसूफभाई हे आनंदानं सांगत.

साठीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. तरुण डॉक्टरांनी डोळे तपासले आणि काळजीनं विचारलं, "आजी, आता गाडी कशाला चालवायची?"

"पोचायला," बाई म्हणाल्या. "सही कुठे करताय?"