तिकिटावरचे पावणेदोन तास

अबुधाबी मुंबईपासून पावणेदोन तासांवर आहे, असं माझ्या पप्पांचं ठाम मत होतं. पुरावा माझं तिकीट. मुंबईहून पहाटे चारला सुटलेलं विमान पावणेसहाला अबुधाबीत उतरतं, असं त्यावर छापलेलंच असे. तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं, विमान सव्वातीन तास उडतं, हे मी दर सुट्टीत समजावलं. एकदा दोन घड्याळंही समोर मांडली. "छापलंय ते खोटं आणि तू खरी?" परतीच्या तिकिटावर तेच अंतर चार तासांच्या वर जाई, तेव्हा म्हणत, "येताना वारा समोरून असतो." वसईत रविवारची मिस्सा संपली की चर्चबाहेर ते लोकांना सांगत, "पोरगी जवळच असते. नाशिकला जायला जास्त वेळ लागतो." मी शेजारी दातओठ खात उभी.

त्यातून मी अबुधाबी शहरातही राहत नाही. माझं ऑफिस रुवैसला, रिफायनरीत. विमानतळ गाठायलाच गाडीने अडीच तास लागतात. पण तिकिटावर रुवैस नसतं, म्हणून पप्पांच्या हिशेबात ते नव्हतंच.

गेल्या वर्षी एका दुपारी भावाचा फोन आला. पप्पांच्या छातीत कळ आली होती, डॉक्टर लगेच ऑपरेशन करायचं म्हणत होते आणि पप्पा सही करत नव्हते. पोरगी आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणे. "ते सांगतायत, तू आता निघालीस तर संध्याकाळच्या चहाला पोचशील. डॉक्टर म्हणतात, तेवढं थांबलो तर हातचा जाईल माणूस," भाऊ रडकुंडीला आला होता.

शेजारच्या टेबलावरच्या मल्याळी सहकाऱ्याने माझा चेहरा पाहिला. "यल्ला, चलो, तुम निकलो. लीव्ह का मैं देखता हूँ." पण जागा मिळत होती ती रात्रीच्या विमानात. पहाटेआधी मुंबई शक्यच नव्हती.

"फोन पप्पांच्या कानाला लाव," मी भावाला म्हटलं.

"निघालीस ना, बाय?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पप्पा, सही करा. मी उद्या सकाळी येते."

"उद्या? पावणेदोन तासांना उद्या कशाला?"

मला संताप आला. भीतीही वाटली, पण तोंडातून संतापच बाहेर पडला. सगळं ऑफिस ऐकत असताना मी ओरडले, "पप्पा, मी जवळ नाही! मी लांब आहे, खूप लांब आहे! माझी वाट बघत बसाल तर मी पोचेपर्यंत तुम्ही नसाल!"

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.

मग ते भावाला म्हणाले, "पेन दे."

ऑपरेशन नीट पार पडलं. मी सकाळी पोचले तेव्हा ते झोपेत होते. मी महिनाभर राहिले. ते हिंडूफिरू लागले, खिमटीवर कुरकुर करू लागले, आणि माझी रजा संपली.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली, तरी ते माझा हात सोडेनात. वहिनीने बॅग डिकीत ठेवली.

"एवढ्या लांब का गं राहतेस?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.