टमरेल घेऊन फिरायला

लग्नानंतर वसमतच्या दोन खोल्यांत माझी झोप उडाली. खिडकी उघडली की समोर शेजारच्या घराची भिंत. छातीत धडधडायचं, भाकरी तव्यावरच करपायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मोकळ्या हवेत फिरा. म्हणून सासूबाईंनी मला माहेरी धाडलं, कुरुंद्याजवळच्या खेड्यात. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट.

हवा तिथे रगड होती, पण नुसतं फिरायचं कसं? बाईमाणसानं शेतात जायचं ते कामाला. आई म्हणाली, "जाय, पर हातात टमरेल घेऊन जाय. नुसती हिंडताना दिसली की लोक म्हणतील, नवऱ्यानं टाकली."

तेव्हा गावात घरोघरी संडास नव्हते. पहाटे बायकांसोबत निघायचे. त्या माघारी वळल्या की मी तशीच पुढे, हळदीच्या कडेकडेनं ओढ्यापर्यंत. पाण्यात पाय सोडून बसायचं. हळदीची पानं चुरगाळली की वास दिवसभर बोटांना राहायचा. धडधड कधी थांबली ते कळलंच नाही. जेवण झालं की डोळे मिटायला लागले.

ऊन वर आल्यावर मी रिकामं टमरेल घेऊन परतायचे. एवढा वेळ लागतो म्हणजे पोरीचं पोट बिघडलं, असं गावानं ठरवून टाकलं. शेजारच्या काकूंनी ओव्याचा काढा आणला, समोर बसून पाजला. "हगवण लागून बी अंगानं भरून राहिली बाई," असं त्या ओट्यावर सगळ्यांना सांगायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण डोकं ठिकाणावर राहावं म्हणून हिंडते, हे सांगायची लाज त्याहून मोठी. त्यापेक्षा हगवण बरी.

हे न्यायला आले तेव्हा काकूंनी त्यांनाही ऐकवलं. त्यांनी वाटेत पोटाच्या गोळ्या घेतल्या. मी मुकाट्यानं पिशवीत टाकल्या.

वसमतला आले आणि झोप पुन्हा गेली. इथे संडास घरातच, त्यामुळे बाहेर पडायला निमित्त नाही. एका सकाळी अगदीच राहवेना. टमरेल उचललं आणि दाराशी आले. सासूबाई अंगण झाडत होत्या.

"काहून गं? संडास घरात हाय की."

कानशिलं तापली. "फिरायला जाते," मी म्हणाले. "न्हाई गेले तर येड लागंल मला."

त्यांनी झाडणं थांबवलं.

"मंग जाय की," त्या म्हणाल्या. "टमरेल तरी ठिव."