अक्काचा पाय आणि मागची ट्रॉली

आमच्या कुळात देवीची ओटी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने भरायची असते. तिला नवरा असो की नसो, ते आमच्यात पाहत नाहीत. दर चैत्रात साक्रीच्या पुढे डोंगरावर जायचं, पहिली ओटी मोठीने भरायची, मग बाकीच्यांनी. मोठी बाई लागोपाठ तीन चैत्र गेली नाही तर तिचा मान जातो आणि पाठच्या जावेकडे येतो. एकदा गेलेला मान परत मिळत नाही.

मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. पाठची मी.

अक्का न्हाणीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तो पहिला चैत्र गेला. डॉक्टरांनी आत सळई टाकली. दुसऱ्या वर्षी तिला भाड्याच्या गाडीत बसवून नेलं, पण तिचा उजवा पाय वाकत नाही. जामनेरच्या पुढे गेलो नाही तोच ती ओरडायला लागली आणि आम्ही नेरीहून माघारी फिरलो. हे तिसरं वर्ष होतं. या वर्षी ती पोचली नाही तर ओटी माझ्याकडे येणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

आमचं गाव बोदवड आणि जामनेरच्या मधे. तिथून देवीपर्यंत अर्धा दिवस मोडतो. वर देवस्थानाच्या खोल्या आहेत, पण त्यात नुसती फरशी. अक्काला खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. म्हणजे तिच्यासाठी झोपायला खाट पाहिजे आणि संडासाला भोकाची खुर्चीही पाहिजे. शिवाय वर स्वयंपाक आपणच करायचा, पाच सवाष्णी जेवू घालायच्या, आणि उरलेलं अन्न घरी आणायचं नाही. तेव्हा भांडी, पीठ, तूप, गोवऱ्या, पाणी सगळं सोबत.

एवढं न्यायचं कसं, यावर ओट्यावर दोन दिवस वाद चालला. वाद माझ्या मुलाचा आणि पुतण्याचा. पुतण्या म्हणजे अक्काचा मुलगा. त्याच्याकडे चारही चाकं ओढणारी जीप आहे. आमची काळी माती ओली झाली की साधी गाडी रुतते, म्हणून त्याने ती घेतली. माझ्या मुलाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याने मोबाइलवर पाहिलं होतं की बाहेरच्या देशात लोक गाडीच्या मागे घरच ओढत नेतात. आत पलंग असतो, चूल असते. झालं. त्याने एका भंगार गाडीचा आस आणला, लोखंडी अँगल जोडले, वर ताडपत्रीचं छप्पर केलं, आत फळ्यांची खाट ठोकली. दोन चाकांची ट्रॉली तयार.

पुतण्या म्हणाला, "भाऊ, हे तू लग्नात वाजंत्र्यांना दे. घाटात मागे घ्यायची वेळ आली तर काय करशील?"

"मागे घ्यायची कशाला? पुढेच जायचंय ना."

"सामान जीपमध्ये भरू. टपावर कॅरियर आहे. बांधलं की झालं."

"टपावर भांडी आणि आत खाट, मग मोठी आई पाय कुठे टाकेल? तुझ्या डोक्यावर?"

"एवढं सामानच कशाला पाहिजे, असं विचार की."

त्याने हे म्हणून माझ्याकडे पाहिलं. सामानाची यादी माझी होती. मी मुलाच्या बाजूने बोलले. ट्रॉली नेली तर जीपची मधली सीट मोकळी राहते, अक्का तिच्यावर पाय लांब करून बसू शकते, हे उघड होतं. अक्का खुर्चीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मले कशामाबी टाका, पण ली चला." ली चला म्हणजे घेऊन चला. अक्का धुळ्याकडची. पन्नास वर्षं आमच्या घरात काढून तिने आपली बोली सोडली नाही.

ट्रॉली मी भरली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही देवीला बैलगाडीनेच जायचो, चार दिवस लागायचे. तेव्हा सासूने शिकवलं होतं की देवीचं सामान शेवटी चढवायचं. त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, त्याच्या अंगावरून कोणी पाय टाकायचा नाही, आणि पोचलं की तेच आधी उतरवायचं. तसंच मी केलं. गाद्या, कपडे, गोवऱ्या असं हलकं सामान पुढे रेटलं. मग पिठाची गोणी, तुपाचा डबा, पितळी पातेली, परात, नारळांचं पोतं हे देवीचं सगळं मागच्या फळीला लागून. पाण्याचा ड्रमही मागेच, कारण त्याची तोटी मागून उघडायला सोपी.

मुलगा एकदा म्हणाला, "आई, मागे फार झालं का?"

मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी गाड्या भरते."

तो गप्प बसला. त्याने बसायला नको होतं.

सकाळी निघालो. पुतण्या चालवत होता, शेजारी माझा मुलगा. मधल्या सीटवर अक्का आडवी, पाठीला दोन उशा. मागच्या बाकड्यावर मी आणि माझी सून. जळगावपर्यंत ठीक होतं, कारण रस्त्यात गर्दी आणि वेग कमी. जळगाव सोडलं, मोठा रस्ता लागला, पुतण्याने वेग वाढवला आणि जीप मागून कोणी शेपूट धरून हलवावी तशी हलायला लागली.

अक्का म्हणाली, "हाई गाडी शे का झोका?"

पुतण्याने वेग कमी केला की हलणं थांबायचं, वाढवला की पुन्हा तेच. एरंडोल मागे टाकलं. पारोळ्याच्या अलीकडे एक मोठा ट्रक शेजारून जोरात गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉली एका बाजूला गेली, मग दुसऱ्या बाजूला, आणि जीपलाही घेऊन जायला लागली. सुनेने माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर वळ उठले. पुतण्याने ब्रेक न मारता गाडी हळूहळू कडेला आणली. ते त्याने बरोबर केलं. पण ट्रॉलीचं एक चाक डांबराखाली उतरून दगडावर आपटलं आणि आस वाकला.

सगळे खाली उतरलो, अक्का सोडून. कोणाला लागलं नव्हतं. मुलाने ट्रॉली जीपच्या हुकातून काढली. काढल्याबरोबर तिचा दांडा वर गेला आणि मागची बाजू जमिनीला टेकली. त्याला बैलगाडीच्या भाषेत गाडी उलाळणं म्हणतात. मागे वजन जास्त झालं की होतं. लहान पोरालाही कळतं. मलाही कळायला पाहिजे होतं. बैलगाडीत देवीचं सामान मागे असायचं, पण आम्ही बाया, पोरं सगळी पुढे जुवाजवळ बसायचो. पाच-सहा माणसांचं वजन पुढे असायचं, म्हणून गाडी सरळ चालायची. या ट्रॉलीत पुढे नुसत्या गाद्या होत्या, म्हणून ती हेलकावत होती. सासूने सामानाचं सांगितलं, वजनाचं सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती. आम्ही तिथे बसलेलोच असायचो.

पुतण्या दांड्याकडे पाहत म्हणाला, "कोणी भरली?"

कोणी भरली ते त्याला माहीत होतं.

अक्काने खिडकीतून पाहिलं होतं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुना मनमा काय शे, ते मले बठ्ठं समजस."

सून म्हणाली, "अक्का, असं काय बोलता."

"बोलू दे तिले खोटं शे म्हणून."

खरं सांगायचं तर ट्रॉली मी मुद्दाम तशी भरली नव्हती. पण आस वाकलेला पाहिला तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच, की आता मान माझ्याकडे येणार. विचार आला आणि तो मला वाईट वाटला नाही. पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्या कोणाच्या मागूनच ओटी भरली आहे. अक्काला ते माझ्या तोंडावर दिसलं असेल. ती मला नवऱ्यापेक्षा जास्त ओळखते.

पुतण्याने सुचवलं की माघारी जाऊ, माय दमली आहे, ऊन वाढलं आहे. "पुढच्या आठवड्यात काकूंना एसटीने पाठवू. चैत्र संपायच्या आत ओटी झाली म्हणजे झालं."

स्वतःच्या आईसमोर तो हे म्हणाला. वाईट भावनेने नाही, थकून. अक्काने तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं.

मी म्हटलं, "ट्रॉली मी भरली. चूक माझी. आता जीपही मीच भरते."

"काकू, एवढं सामान जीपमध्ये बसणार नाही."

"एवढं न्यायचंच नाही."

तिथेच रस्त्याच्या कडेला सगळं उतरवलं. पितळी पातेली राहिली, परात राहिली, ड्रम राहिला, गाद्या राहिल्या. फळ्यांची खाट तर निघतच नव्हती. ओटीचं सामान, नारळ, अर्धी गोणी पीठ, डाळ, तूप, थोड्या गोवऱ्या आणि एक पातेलं घेतलं. भोकाची खुर्ची टपावर बांधली. ती टपावर उलटी, पाय वर करून अशी दिसत होती की पुतण्याला हसू आलं. तो म्हणाला, "आता धुळ्यातून जाताना सगळे आपल्याला नमस्कार करतील." मग मुलगाही हसला. मुलगा ट्रॉलीजवळ थांबला. पारोळ्याहून कोणाला तरी आणून ती ओढून न्यायची होती. त्याची सीट रिकामी झाली तिथे नारळांचं पोतं आलं.

मधल्या सीटवर मी काही ठेवू दिलं नाही. एक पिशवीही नाही. सून आणि मी मागे, गोणीवर पाय घेऊन, गुडघे हनुवटीला. धुळे येईपर्यंत माझ्या पायांत मुंग्या भरल्या आणि साक्री येईपर्यंत पाय आहेत की नाहीत ते कळेना. अक्का पुढे आडवी होती. माझ्याशी बोलली नाही. एकदा पाणी मागितलं, तेही सुनेकडे.

शेवटचा चढ कच्चा आहे, खडीचा. पुतण्याने खालीच जीप थांबवून एक दांडी ओढली, चारही चाकं लावली आणि गाडी न घसरता वर गेली. वर पोचल्यावर तो म्हणाला, "ट्रॉली असती तर इथे खालीच राहिलो असतो." त्याचं बरोबर होतं.

मुक्काम करायचा नाही असं ठरलं, खाटच नव्हती. सुनेने एका पातेल्यात वरण केलं, शेजारच्या कुटुंबाकडून कढई मागून त्यात कणकेच्या बट्ट्या तळल्या. पाच सवाष्णी मिळाल्या. केळीच्या पानांवर जेवल्या आणि पानात काही टाकलं नाही. पातेली नसल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्याआधी ओटी झाली. देवळाला सात पायऱ्या. पुतण्याने बाहेरच्या नारळवाल्याची खुर्ची मागून अक्काला तिच्यासकट उचललं, दुसऱ्या बाजूने एका अनोळखी माणसाने हात दिला. आत पुजाऱ्याने ताट समोर धरलं आणि विचारलं, "मान कोणाचा?" मी उभी होते, अक्का बसलेली होती, म्हणून त्याने ताट माझ्याकडे केलं.

मी म्हटलं, "हिचा."

अक्काला उभं केलं. तिला वाकता येईना. देवीची मूर्ती खाली, हात पोचेना. मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हात घातले आणि तिला पुढे झुकवून धरलं. ती जड आहे, पडल्यापासून जास्तच जड झाली आहे. तिने खण ठेवला, नारळ ठेवला, मग तांदूळ. तांदूळ ती एकेक मूठ टाकत होती, आणि प्रत्येक मुठीला घरातल्या एकेकाचं नाव घेत होती. लग्न झालेल्या मुलींची, त्यांच्या मुलांची, गेलेल्यांचीही. माझे पाय अजून मुंग्यांनी भरलेले.

मी तिच्या कानात म्हटलं, "अक्का, आटप. पडेन मी."

तिने मान न वळवता सांगितलं, "दम धर. मनं व्हऊ दे, मंग तुनं."

पुढची मूठ तिने आणखी सावकाश भरली. मी धरून उभी राहिले.