झिपरूच्या वाट्याची मूठ

धानोऱ्यात एकच फटफटी होती, आणि ती ज्याची होती तो माणूस नंदुरबारच्या बाजाराला पायी जायचा. नव्यानं गावात आलेल्याला हे पटायचं नाही. दोधूआबांच्या ओसरीत झाकून ठेवलेली ती गाडी धडधाकट होती, लाथ मारली की चालू होईल अशी. पण आबा उन्हातान्हात, खांद्यावर उपरणं टाकून, बैलगाडीवाल्यांनी हाका मारल्या तरी न थांबता चालत राहायचे. कंजूष म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. कंजूष ते नव्हते. हट्टी होते, आणि तो हट्ट त्यांना फार महागात पडला होता.

तरुणपणी आबांचा रुबाब मोठा होता. तापीकाठची काळी जमीन, दोन बैलजोड्या, आणि भाऊबंदकीत वयानं थोरले, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. पोटी दोन मुलीच. मुलगा नाही, पण त्याची उणीव त्यांना कधी भासली नाही, कारण झिपरू होता. झिपरू हा त्यांचा चुलत भाऊ. मानमोडीच्या साथीत त्याचे आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा तो रांगत होता. दोधूनं त्याला उचलून घरी आणलं आणि भिकुबाईच्या मांडीवर ठेवलं. भिकुबाईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, तीच अजून पोर. तिनं त्याला वाढवलं, आणि झिपरू मोठा झाल्यावरही तिला वहिनी म्हणताना आईला म्हणावं तसं म्हणायचा.

मग फटफटी आली. रेल्वेच्या कामावरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्यानं ती विकायला काढली. दोधूनं ती घेतली तेव्हा अख्खा गाव वेशीपर्यंत बघायला गेला. शेतकऱ्याला फटफटी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी एकदा तरी तिच्या टाकीवरून हात फिरवून घेतला. तेवढंच. पुढं मात्र दोधूशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही, झिपरूनंसुद्धा नाही. दोधू रोज तिला तेलाच्या चिंधीनं पुसायचा. जेवायला वेळ झाला की भिकुबाई आतून म्हणायची, "मन्ही सवत आंगनमा उभी शे, तिले पयले पुसी ल्या, मंग जेवाले या." दोधूला हे ऐकायला आवडायचं. म्हणून तो मुद्दाम पुसत बसायचा.

झिपरूला शेतीत गोडी नव्हती. त्याला यंत्राचं वेड लागलं ते त्या फटफटीच्या आवाजानंच. नंदुरबारला कापसाच्या एका जिनात तो आधी मोटारीवर क्लीनर म्हणून लागला आणि पुढं तिथलीच लॉरी चालवू लागला. त्याचं लग्न झालं, शोभाबाई घरात आली. तो आठवड्याकाठी घरी यायचा, पण कानबाईला मात्र चुकायचा नाही.

कानबाई ही खानदेशातली देवी, आणि तिचा सण म्हणजे तिथल्या घराचं वर्षाचं देणं. श्रावणातल्या रविवारी ती बसते, सोमवारी उठते. तिच्यासाठी जे गहू दळायचे ते दोधूच्या घरी आदल्या दिवशी मोजत. घरातला थोरला पुरुष पाटावर बसायचा, भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचा आणि प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. त्या पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. या रोटाला कुणाला बोलावणं जात नाही. ज्याची मूठ आहे तो आपणहून येतो. मूठ सुटते ती फक्त मेलेल्याची.

त्या वर्षी शनिवारी सकाळीच भिकुबाईनं ओसरी सारवायला काढली. कानबाई तिथंच बसायची होती. म्हणून भिकुबाईनं दोधूला फटफटी बाहेर काढायला लावली. दोधूनं कुरकुर करत ती ओट्याला लागून, निंबाखाली उभी केली आणि वर गोणपाट टाकलं. तेवढ्यात झिपरू आला. गावात कुणाची तरी सरकी टाकायची होती म्हणून लॉरी घेऊनच आला होता. सरकी उतरवून झाली. गल्ली अरुंद, श्रावणातला चिखल, आणि घरी जायची घाई. लॉरी मागं घेताना चाक घसरलं, मागचा फळका ओट्यावर आदळला, आणि त्या दोहोंच्या मध्ये फटफटी होती.

आवाज ऐकून दोधू बाहेर आला. हँडल पिळवटलेलं, टाकी चेपलेली, पुढच्या चाकाच्या आऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या तुटून लोंबत होत्या. झिपरू लॉरीतून उतरून तिच्यापुढं उभा होता.

"दादा, मन्ही चूक व्हयनी," तो म्हणाला. "मी नीट करी दिसू."

दोधू काही बोलला नाही. बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. घरात भांडणं होतात आणि भाकरीबरोबर विरूनही जातात. पण हा माणूस मुका झाला आणि आत जाऊन बसला. कानबाईच्या दिवसांत घरात वाईट शब्द काढायचा नाही, हा नियम त्यानं पाळला. शब्दापेक्षा वाईट काही असू शकतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी गहू मोजायला घेतले. दोधू पाटावर बसला. समोर शोभाबाई सूप धरून होती, डोईवरचा पदर पार खाली ओढून, कारण जेठापुढं, थोरल्या दिरापुढं, तोंड दाखवायचं नसतं. दारात झिपरू बसला होता. भाऊबंद भिंतीला टेकून होते. दोधूनं स्वतःचं नाव घेतलं, मूठ टाकली. मग नेहमी झिपरूचं नाव यायचं. त्याचा हात गव्हात गेला आणि थांबला. मग तो म्हणाला, "उखा," आणि धाकट्या चुलत भावाच्या नावानं मूठ टाकली. सूप हललं. थोडे गहू जमिनीवर सांडले.

"दादा," झिपरू दारातून म्हणाला, "मन्ही मूठ ऱ्हायनी."

"पयले मन्ही फटफटी उभी कर. मंग तुन्ही मूठ."

भिकुबाई चुलीपासून उठून आली. "अहो, जित्ता माणूसनी मूठ कोणी सोडस का?"

दोधूनं पुढचं नाव घेतलं. त्याला वाटलं, आपण पोराला धडा देतोय. घटकाभरानं राग उतरेल आणि एक मूठ मागून टाकता येईल. पण सगळी नावं संपली, गहू जात्याकडे गेले, आणि जातं फिरायला लागलं. आता काय टाकणार?

झिपरू उठला. मोडलेली फटफटी त्यानं एकट्यानं लॉरीत चढवली, कुणाला हात लावू दिला नाही. शोभाबाईला बरोबर घेतलं. निघताना तो दोधूच्या पाया पडला आणि गेला. रविवारी कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाले.

वर्षभर नंदुरबारहून बातम्या येत. झिपरू जिनातलं काम आटोपलं की फटफटीपाशी बसतो. लोहाराकडून हँडल सरळ करून घेतलं. टाकी स्वतः ठोकून काढली. आऱ्या सुरतेहून मागवल्या. बाजाराला गेलेलं कुणीही येऊन हे सांगायचं आणि दोधू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मनातून मात्र तो सुखावत होता. माझा पोरगा आहे, उभी करूनच आणेल, असं त्याला वाटायचं. आपण जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा, हे त्याला एकदाही सुचलं नाही.

पुढच्या आषाढात एका सकाळी गल्लीत फटफटीचा आवाज आला. दोधू वावरात होता. भिकुबाई दाराशी धावली. झिपरूनं गाडी आणून बरोबर त्याच जागी, निंबाखाली उभी केली. टाकी नव्यासारखी रंगवलेली होती.

"वहिनी, दादाले सांगजो, फटफटी उभी करी दिन्ही."

"बस ना रे. तुन्हा दादा येतीनच आते. पानी तरी पी."

"मूठ नही ते पानी कसानं, वहिनी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तर भिकुबाईला रडू फुटलं. त्यानं तिच्या पायांना हात लावला आणि आला तसा पायी निघून गेला. नंदुरबारची नोकरी त्यानं सोडली होती. शोभाबाईला घेऊन तो सुरतेकडे जाणार होता.

दोधू घरी आला. त्यानं फटफटीभोवती एक फेरी मारली. टाकीवरून हात फिरवला, कुठं खोच लागते का पाहिलं. कुठंच लागली नाही. भिकुबाई म्हणाली, "जा ना. अजून वाटवरच व्हई तो. तुम्हनाकडे ते फटफटी शे."

"रोटले कोनले बलावनं ऱ्हास का? येई तो, कानबाईले."

खरं सांगायचं तर एवढ्या एका वाक्यानं त्या घराचं वाटोळं केलं. गाडी दारात उभी होती, पाऊस लांबल्यानं रस्ता कोरडा होता, आणि भाऊ पायी चालला होता. पण थोरल्यानं धाकट्याच्या मागं धावायचं कसं? हा वाट बघत बसला की तो आपणहून येईल. तो तिकडं बसला की ज्याची मूठ नाही त्यानं यायचं कसं? दोघेही रीतीला धरूनच वागले.

त्या कानबाईला दोधूनं झिपरूचं नाव मोठ्यानं घेतलं, अंगणात ऐकू जाईल असं, आणि मूठ भरभरून टाकली. झिपरू आला नाही. त्याच्या वाट्याचा रोट दोधूनं स्वतः खाल्ला. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. फटफटीवर तो पुन्हा बसला नाही. बसायला जाऊन हँडल धरलं की ते सरळ करणारे हात आठवायचे. तेव्हापासून तो पायी चालू लागला. लोक त्याला आबा म्हणू लागले. सुरतेला माणूस पाठवू या, असं भिकुबाई दर वर्षी म्हणायची, आणि आबा दर वर्षी, या कानबाईला येतो का बघू, म्हणून ते पुढं ढकलायचे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होती, त्यातलं एक वर्ष. शनिवारी गहू मोजायला बसले. आबांनी स्वतःची मूठ टाकली, दुसरी भरून घेतली आणि तोंड उघडलं, तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोईवरचा पदर खाली ओढलेला होता. भिकुबाईनं पुढं होऊन तो वर केला. शोभाबाई होती. कपाळ मोकळं होतं.

भिकुबाईनं तिला पोटाशी धरलं. शोभाबाई जेठाशी बोलत नसे, ती भिकुबाईच्या खांद्यावर तोंड ठेवून नवऱ्याविषयी बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाई, त्या हिवायामा गयात. ताप व्हता. मी म्हनू, दादाले कळाडूत. त्या म्हनेत, दादासाठे मी तव्हयनाच मरी जायेल शे. आते पुन्हा काय कळाडनं."

आबांची मूठ तशीच मिटलेली होती. भाऊबंद एकमेकांकडे पाहत होते. उखा हळूच म्हणाला, "दादा, आते ती मूठ सोडनी पडी. मरेल माणूसना गहू कानबाईले चालत नही."

आबांनी मान हलवली. त्यांना कळत होतं. साऱ्या गावाला त्यांनीच ही रीत शिकवली होती. मग ते शोभाबाईकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले. "माय, सूप तू धर."

"मी कशी धरू?" ती पुटपुटली. विधवेनं कानबाईच्या सुपाला हात लावायचा नसतो.

"तव्हय तूच धरेल व्हतं."

ती पुढं आली. सूप धरलं. आबा म्हणाले, "झिपरू," आणि मूठ उघडली. उखा उठून उभा राहिला. आबा त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "जित्ता व्हता तव्हय सोडी मी. आते मन्हाकडथून सुटत नही."

आबांनी उरलेली सगळी नावं घेऊन मुठी टाकल्या, आणि भाऊबंद एकेक करून निघून गेले. त्यांची चूक नव्हती. मेलेल्याची मूठ मिसळलेला रोट ते घरच्या लेकरांना कसा खाऊ घालणार? त्यांनी उखाच्या घरी वेगळी कानबाई बसवली आणि पुढं मूठ मोजायचा मानही तिकडंच गेला.

आबांच्या घरी मात्र साऱ्या भाऊबंदकीचे रोट झाले आणि खायला तीन माणसं उरली. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. पहिल्या दिवशी ते मऊ होते. नंतर वाळले. भिकुबाई ते दुधात भिजवून द्यायची आणि आबा रोज दुपारी ओसरीत, फटफटीशेजारी बसून खायचे. शोभाबाई जेठाच्या समोर बसायची, आता डोईवरचा पदर मागं सारून. पोट भरलं तरी आबा थांबायचे नाहीत. एकदा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा, सकायले खाजा."

"नही माय," आबा म्हणाले, "हाऊ झिपरूना वाटाना शे," आणि त्यांनी पुढचा तुकडा मोडला.