भुंडक्या टोकावरचे दोन जाळ

ब्राश आनिश हा माणूस समुद्रावर शहाणा आणि जमिनीवर गाढव होता. मेलेल्याबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण त्याच्या तोंडावरही मी हेच बोलत आले, आता कशाला गोड बोलू? तरुणपणी तो राजाच्या गलबतांवर तांडेल होता, गिनीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला. येताना वाऱ्यानं भलतीकडे नेलं आणि धुक्यातून आमचं हे बेट त्याला दिसलं. माणूस नाही, कुत्रं नाही, नुसतं रान आणि पक्षी. आधी त्यानं इथे शेळ्या सोडल्या. त्या वाढल्यावर गोडीगुलाबीनं आम्हा चार घरांना आणलं. "सोनं पिकेल, वहिनी," म्हणाला होता. पिकले ते दगड.

पाद्री, सुईण, मीठ, तेल, सगळं समोरच्या मोठ्या बेटावर. वारा बरा असला तर होडीनं सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येतं. म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी ठरवलं होतं की आमच्या भुंडक्या टोकावर एक जाळ म्हणजे गलबत आलंय, दोन म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतलंय, होडी घेऊन या. आणि तीन म्हणजे संपलं, पाद्रीला पाठवा. त्या अंगाला दुसरा कसलाही जाळ कुणी करायचा नाही.

पण माती चांगली टोकाखालच्या उतारावरचीच. ब्राशचं घरही त्याच उतारावर. माझा नवरा तोमे त्याला म्हणाला, "रान जाळायचंय ना? मागच्या उतारावर जाळ."

"बेट शोधलं कुणी?" ब्राश म्हणाला. "मला शिकवतोस?"

पेरणीआधी त्यानं झुडपांचे दोन ढीग पेटवले. झालं, पलीकडून होडी धावत आली. होडीवाला एस्तासो, ब्रितेश सुईण, आणि वाटभर ओकत आलेले पाद्री. ब्राश दारात बसून शेळीचं मटण खात होता.

"कोण मरतंय?" एस्तासोनं विचारलं.

"कुणी नाही. आलाच आहात तर जेवून जा."

एस्तासो थुंकला. "पुढच्या खेपेला खरंच मर, मग येतो."

त्यानंतर ब्राशनं मनाला येईल तेव्हा जाळलं आणि कुणी आलं नाही. त्याला बरंच झालं. माझा मात्र जळफळाट व्हायचा.

दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोला, इझेऊला, दिवस गेले. लग्नानंतर किती वर्षांनी! पोर गुणाची. दगड वेचून हाताची सालटं गेली, पण नवऱ्याला कधी उणा शब्द बोलली नाही. शेवटच्या महिन्यात तिला पलीकडे ब्रितेशकडे नेऊन ठेवायचं ठरलं होतं. कळा त्याआधीच सुरू झाल्या. आणि आमची होडी वादळात खडकावर आपटून फुटलेली. मी पोटाला हात लावून पाहिला. मूल आडवं होतं. साधं बाळंतपण मी केलं असतं, पण आडवं मूल फिरवणारे हात एकट्या ब्रितेशचे.

ब्राशनं टोकावर दोन जाळ केले. ओला पाला घालून धूर उंच चढवला. समुद्र शांत होता, पलीकडच्या मासेमारीच्या होड्यांची शिडं इथून दिसत होती. एकही वळली नाही. दुसरा दिवस उजाडला तरी तेच. आत इझेऊचा आवाज बसत चालला होता.

"बघतायत, वहिनी," तो म्हणाला. "बघतायत आणि येत नाहीत."

"त्यांना वाटतंय तू रान जाळतोयस," तोमे म्हणाला.

ब्राशनं वळून आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "घर तर कुणी रान म्हणून जाळत नाही ना?" आम्ही इझेऊला फळीवर घालून माझ्या घरी आणलं, आणि त्यानं स्वतःच्या हातानं छपराला चूड लावली. आतला बियाण्याचा गहूसुद्धा बाहेर काढला नाही.

होडी आली. देवा, किती वेगानं आली. ब्राश कमरेएवढ्या पाण्यात धावला. होडीत एस्तासो होता, धट्टेकट्टे गडी होते, कुऱ्हाडी होत्या आणि चामड्याच्या बादल्या.

"घर पेटलेलं दिसलं," एस्तासो धापा टाकत म्हणाला. "सापडतील तेवढ्या बादल्या घेऊन आलो."

"सुईण कुठाय?"

"आगीला सुईण कशाला?"

 ब्राशनं एक बादली हातात घेतली, आत पाहिलं आणि परत ठेवून दिली.

इझेऊला होडीत घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. वारा तोंडावरचा, शीड निरुपयोगी, सगळे वल्ह्यांना लागले. वाटेत तिनं विचारलं, "वहिनी, किनारा दिसतो का हो?" मी म्हटलं, "दिसतो गं." मग तिनं धरलेलं माझं बोट सैल सुटलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. पण वल्हवणाऱ्याचं तोंड मागे, आम्ही बसलो होतो तिकडेच असतं. ब्राशला सगळं दिसत होतं, तरी तो वल्हवत राहिला.

ब्रितेश किनाऱ्यावर पाण्यात उभीच होती. तिनं इझेऊच्या मानेला हात लावला, पोटाला लावला आणि दोन्ही हात काढून घेतले.

"बाई," ब्राशनं विचारलं, "काल टोकावर दोन जाळ दिसले नव्हते का?"

"दिसले," ती म्हणाली. "एस्तासो निघत होता. मीच म्हटलं, बस खाली, ब्राश रान जाळतोय."

ब्राशनं मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मीही तेच म्हटलं असतं."