सिनायचा गडगडाट आणि आईला आलेली हाक

मागच्या रविवारी दुपारी लातूरच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत बसले होते. मी कॉलेजात इतिहास शिकवते, सध्या ज्यू धर्म चालू आहे. आई शेजारी शेंगा फोडत होती… म्हणाली, "मोठ्यानं वाच की, मला बी ऐकू दे."

वाचलं. देव उतरला तसा सिनाय पर्वत धुराने भरला, थरथरला, शिंगाचा आवाज वाढत गेला. पायथ्याशी जमलेले ज्यू लोक इतके घाबरले की त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला म्हणाले, देवाचं म्हणणं तूच आम्हाला सांग, तो थेट बोलला तर आम्ही मरू.

आईचे हात थांबले. "असाच आवाज आला व्हता बाई, किल्लारीला. आन मंग हाक."

या हाकेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. भूकंपाच्या वेळी आईला कुणीतरी म्हणालं, ऊठ, भाईर नीघ. मी दीड वर्षाची, तिच्या कुशीत… मला घेऊन ती अंगणात आली आणि मागे घर बसलं. आत माझा चार वर्षांचा भाऊ होता, बाळू.

आई त्यावर एवढंच म्हणते… देवीनं बोलावलं, इचार करायला येळच दिला न्हाई.

मी शिकवायच्या भरात बोलत गेले. काही अभ्यासक म्हणतात सिनायला भूकंप झाला असेल, कुणी ज्वालामुखी म्हणतं, कुणी वादळ… घाबरलेल्या माणसाला गडगडाटातही शब्द ऐकू येतात. "तुझंही तसंच असेल आई. जमिनीचा आवाज होता तो."

मला वाटलं, तिला हलकं वाटेल. देवीने एकालाच का वाचवलं, हा घोर तरी जाईल.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी मला कुनी बोलावलंच न्हाई? मंग बाळूला टाकून मी माझ्याच मनानं भाईर आले व्हय?"

मी घाईघाईने म्हटलं, तसं नाही गं, काही ज्यू लोक असंही मानतात की डोंगर निसर्गानेच हलला असेल, पण त्यातून बोलणारा देवच होता.

"मंग त्यानं पोराचं नाव का न्हाई घेतलं?"

शेंगा तशाच टाकून ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

सोमवारी वर्गात सिनायचा प्रसंग शिकवताना एका मुलीने विचारलं, मॅडम, मग नक्की खरं काय? मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि खुर्चीत बसून राहिले… पुढचं शिकवणं झालंच नाही.

आज आठवडा झाला. आई जेवते, टीव्ही लावते, पण त्या हाकेबद्दल एक शब्द नाही. एवढी वर्षं ती त्या हाकेच्या आधारावर जगत होती, हे मला आत्ता कळतंय.

मी आज आहे ती तिने मला उचललं म्हणून. काल तेवढंच सांगायला तिच्याजवळ गेले… तिने मान फिरवली.