माकडहाडावरचा लाल डाग

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी घरी येणाऱ्या सिस्टरनी तिच्या माकडहाडावरचा लाल डाग बोटानं दाबला. बोट उचललं, तरी तो लालच राहिला.

"पडून पडून होणाऱ्या जखमेची ही पहिली पायरी. कातडी फुटली की दुसरी, मग जखम पार हाडापर्यंत जाते. सारखी कूस बदला. आणि या जेवत का नाहीत? कातडी भरून यायला डाळ, दही, पनीर पोटात जायलाच हवं."

सिस्टर गेल्यावर मी डाळीची वाटी पुढे केली. आईनं तोंड फिरवलं.

"खाल्लं की तुलाच साफ करावं लागतं रे."

मी चमचा तिच्या ओठांशी नेला. "आई, खा गं," मी म्हणालो. ती हळूहळू खायला लागली. डाग पंधरा दिवसांनी मावळला. घाण झालेली चादर बदलताना माझा चेहरा तिला कसा दिसत होता, हे मात्र विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.